शांततेचं रजिस्टर

या टेबलावर सगळी बटणं आहेत, मग इथं एकच भोक का, असं तू दुपारी विचारलंस ना? दुपारी सांगायची गोष्ट नाही ती. आता साडेअकरा वाजलेत. पहाटेपर्यंत नुसती गाणी लागत राहणार. तुम्हा तिघा शिकाऊंना झोपायला बंदी आहे, आणि मला झोप येत नाही. तेव्हा खुर्च्या जरा पुढं ओढा आणि ऐका. काचेकडं पाठ केलीत तरी चालेल. खरं म्हणजे, कराच.

माझ्या अगदी जवळच्या ओळखीतल्या माणसाची गोष्ट आहे ही. पदरचा मीठमसाला लावायची मला सवय नाही. जसं घडलं तसं सांगतो.

गुरुवार होता, एकवीस नोव्हेंबर. संध्याकाळी पावणेसहाला सुईभाऊ हेडफोनच्या गाद्या आणायला बाहेर पडला. सुईभाऊ म्हणजे इथला ध्वनिमुद्रक. खरं नाव वेगळं होतं, पण सबंध नोकरीत त्याची नजर मीटरच्या सुईवर खिळलेली, म्हणून सुईभाऊ. जेवतानासुद्धा समोरचा माणूस किती मोठ्यानं बोलतोय हे त्याच्या डोळ्यांना दिसायचं म्हणे. स्वतः मात्र फारसं बोलायचा नाही. बायको म्हणायची, यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात.

दुरुस्तीच्या दुकानात त्यानं दोन गाद्या मागितल्या. मऊ, कानाला टोचणार नाहीत अशा. दुकानदार ओळखीचा. तो हसला.

"काय सुईभाऊ, चार वर्षं त्याच फाटक्या गाद्यांवर काढलीत, आणि आज एकदम मखमल? मंत्री येतोय की काय?"

"साहेबांची लेक येतेय. गायला."

"अस्सं. म्हणजे बाकीच्यांचे कान कान नव्हते."

सुईभाऊनं पैसे दिले, गाद्या खिशात घातल्या आणि परत निघाला. पण ते वाक्य त्याला लागलं, कारण ते खरं होतं.

आता हे साहेब कोण? तर आपल्या रेडिओ केंद्राचा तेव्हाचा सगळ्यात गाजलेला निवेदक. दर गुरुवारी रात्री नऊ ते दहा त्याचा कार्यक्रम असायचा. आजचे गायक, आजचे वादक, स्वतः गाणी लिहून स्वतः चाली लावणारी तरुण मंडळी. आधी अर्धा तास गप्पा, मग गाणं. सगळं थेट. मध्ये काटछाट नाही, दुरुस्ती नाही, चुकलात तर सगळ्या गावासमोर चुकलात. लोक त्या कार्यक्रमावर जीव टाकायचे. गुरुवारी नऊ वाजता रिक्षावाल्यांपासून रात्रपाळीच्या नर्सपर्यंत सगळ्यांच्या कानात हा माणूस. आवाज काय होता! नुसतं 'नमस्कार' म्हणाला तरी वाटायचं, आपल्या एकट्याशीच बोलतोय.

आणि माणूस? माणूस नंबर एकचा दुष्ट. मी शब्द जपून वापरतोय.

त्याची एक पद्धत होती. गप्पा संपल्या की तो आतल्या खोलीतून उठायचा आणि इथं यायचा, काचेच्या या बाजूला, सुईभाऊच्या शेजारी. आत कलाकार एकटा. कानावर हेडफोन, समोर माइक. आणि या टेबलावर, जिथं आता भोक आहे तिथं, एक लाल बटण होतं. ते दाबून इथून बोललं की फक्त आतल्या माणसाच्या कानात ऐकू जातं. 'दोन मिनिटं राहिली', 'माइकच्या जवळ या', असल्या सूचनांसाठी असतं ते. घरी ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही.

हा माणूस गाणं ऐन रंगात आलं की ते बटण दाबायचा. आणि बोलायचा. ओरडायचा नाही हं. मऊ, प्रेमळ आवाजात. "सूर पडला." "हाताकडं बघ, थरथरतोय." "आता पुढची ओळ विसरशील." आत तो बिचारा गातोय, लाखभर लोक ऐकतायत, आणि कानात हे चाललंय. निम्मे तरी अडखळायचे. मग हा माइकवर येऊन हळहळायचा, आणि श्रोत्यांचे मेसेज धो धो यायचे. कुणाची फजिती ऐकायला कुणाला आवडत नाही? सुईभाऊनं एकदा भीत भीत विचारलं, "साहेब, कशाला हो?" तर म्हणाला, "जो यातूनही गातो तोच खरा कलाकार. मी चाळण आहे, सुई. तू मीटर बघ." सुईभाऊ मीटर बघायचा.

आदल्या वर्षी सप्टेंबरात एक मुलगा आला होता. तिशीच्या आतला, जाड चष्मा, दिवसा कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं लावायचा. गिटार घेऊन जिन्यातल्या दिव्यावर त्यानं एक गाणं केलं होतं. आई रात्री कामावरून उशिरा यायची, तिची अंधारात पायरी चुकू नये म्हणून हा लहानपणी जिन्यातला दिवा लावून बसायचा, असं काहीसं. साधं गाणं होतं. पण सुईभाऊ, ज्याला सुईपलीकडं काही दिसत नाही, त्याचेही डोळे भरून आले. आईला मुलानं सोबत आणलं होतं. ती बाहेर बाकावर, स्पीकरखाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

पहिलं कडवं झालं. निवेदकानं बटण दाबलं.

"सूर खाली गेला तुझा," म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "आई बाहेर बसलीय ना? ऐकतेय हं ती." मुलाची बोटं चुकली. "थांबू नकोस आता," हा म्हणाला, आणि मग अगदी हळू, "थांबशील. मला माहितीये."

मुलगा थांबला.

सुई खाली पडली. अशी शांतता पडली की आपण लगेच राखीव संगीताचा फेडर, म्हणजे ही सरकपट्टी, वर करतो, तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय ते. सुईभाऊनं हात पुढं केला, तर निवेदकानं त्याचं मनगट धरून ठेवलं. अकरा सेकंद. घरी बसून ऐकणाऱ्याला अकरा सेकंद म्हणजे किती होतात माहितीये? मग तो माइकवर आला आणि म्हणाला, "काय आहे श्रोतेहो, न्हाणीघरात सगळेच गातात."

आपल्याकडं नियम आहे. पाच सेकंदांच्या वर हवेत, म्हणजे श्रोत्यांपर्यंत, शांतता गेली, तर ती रजिस्टरात लिहायची. वेळ, किती सेकंद, कारण, आणि टेबलावरच्या माणसाची सही. शांततेचं रजिस्टर. त्या रात्री सुईभाऊनं लिहिलं, 'अकरा सेकंद. कलाकार स्वतःहून थांबले.' खाली सही केली.

तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा गेला. कसा गेला ते सांगत नाही, रात्रीची वेळ आहे.

मग त्याची आई इथं आली. म्हणाली, माझा मुलगा शेवटपर्यंत एकच सांगत होता, कुणीतरी माझ्या कानात बोलत होतं. कोण बोलत होतं? केंद्राच्या प्रमुखांनी रजिस्टर काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ती ओळ वाचली, बोटानं, अक्षर अक्षर लावत. मग सुईभाऊकडं वळली. "दादा, तुम्ही तिथंच होतात ना? तुम्ही सांगा. कुणी बोललं का त्याच्याशी?"

निवेदक शेजारी उभा होता. सुईभाऊच्या घरी दोन शिकणारी मुलं होती, घराचे हप्ते होते. तोंडाला कुलूप बसलं. नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली, सवयीनं. सेकंद काटा अकरा घरं पुढं गेला. बाई उठली आणि निघून गेली. त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला पुढं कितीदा तरी म्हणाला.

तर अशा त्या बटणासमोर एकवीस नोव्हेंबरला निवेदकाची स्वतःची लेक गाणार होती. त्या गोष्टीला बरोबर वर्ष वगैरे झालं नव्हतं हं, गोष्टीत असतं तसं. एक वर्ष आणि दोन महिने.

लेक विशीची. ती बारा वर्षांची असताना आई आजारपणात गेली. त्यानंतर या माणसानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. दुष्ट माणसंही कुणावर तरी जीव लावतात, हीच तर पंचाईत आहे. वेण्या घालायला शिकला, तिच्या परीक्षांना रजा टाकून बसायचा. पोरगी चांगली गायची, स्वतःच्या चाली बांधायची. पण गाणाऱ्या मुलामुलींमध्ये तिची ऊठबस होती, आणि तिथं तिच्या कानावर आलं होतं, तुझे बाबा काय करतात ते. तिनं त्याला घरी विचारलं नाही. इथं, या बाहेरच्या पॅसेजमध्ये, सुईभाऊच्या देखत विचारलं.

"बाबा, एक अट आहे. मी गात असताना त्या बटणाला हात लावायचा नाही."

निवेदकाचा चेहरा उतरला. "कोण काय सांगतं तुला…"

"कोण सांगतं ते सोडा. शपथ घ्या."

"घेतली. तुझी शपथ, बाळ. तुझ्या कानात मी एक शब्द बोलणार नाही."

ती हसली. त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मग मला भीती नाही. माझा विश्वास आहे तुमच्यावर." सुईभाऊला म्हणाली, "काका, तुम्ही साक्षीदार हं."

साक्षीदार म्हणे.

सुईभाऊ आत आला. जुन्या गाद्या काढून कचऱ्यात टाकल्या, नव्या बसवल्या. पण त्याला काही चैन पडेना. या माणसाची खोड त्यानं चार वर्षं बघितली होती. शपथ घेतली तरी बोट त्या बटणाकडं वळणार. मग पोरीचं काय होईल? बापलेक बाहेर चहा पीत होते तेवढ्यात त्यानं टेबलाखालची पट्टी उघडली आणि त्या बटणाची वायर उपटून काढली. बोटभर लांबीची, पिवळी. बटण दाबून बघितलं. त्याच्यावरचा छोटा लाल दिवा लागला नाही. त्यानं वायर शर्टाच्या खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरं केलं, असं त्याला वाटलं.

नऊला कार्यक्रम सुरू झाला. गप्पा छान रंगल्या. बापलेकीची थट्टामस्करी ऐकून लोक खूश, मेसेजवर मेसेज. नऊ अडतीसला निवेदक उठून इकडं आला. दार लागलं. आत ती एकटी. समोर छोटा कीबोर्ड, कानावर हेडफोन.

तिनं सुरुवात केली.

निवेदक टेबलापाशी आलाच नाही. काचेला लागून उभा राहिला, हात पाठीमागं, एकात एक घट्ट अडकवलेले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. शपथ पाळत होता तो. सुईभाऊनं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, ही गोष्ट विसरू नका.

पहिलं कडवं झालं.

आणि तिनं दचकून वर बघितलं.

बापाकडं. सरळ, काचेतून. गाणं थांबवलं नाही, पण भुवया अशा जवळ आल्या. निवेदक हसला. मान डोलावली. छान, छान. तिच्या चेहऱ्यावर उलटंच काहीतरी उमटलं. सुईभाऊनं सवयीनं मीटरकडं नजर टाकली. गाण्याची सुई ठीक होती. मग त्याला शेजारची छोटी सुई दिसली. बटणाची.

ती हलत होती.

उठायची, थांबायची. उठायची, थांबायची. कुणी बोलत असलं की हलते तशी. आणि बटणावरचा दिवा लागलेला होता. लाल.

त्यानं खिशाला हात लावला. वायर खिशातच होती.

निवेदकाचे हात पाठीमागंच होते.

टेबलाच्या बाजूला जादा हेडफोन लटकत असतो, आत जे ऐकू जातं तेच त्यात ऐकू येतं. त्यानं तो उचलला. एका कानाला लावला.

"सूर खाली गेला तुझा."

निवेदकाचा आवाज. तोच, मऊ, प्रेमळ. सुईभाऊनं शेजारी बघितलं. निवेदकाचे ओठ मिटलेले.

"आई बाहेर बसलीय ना?"

…

"ऐकतेय हं ती."

आत पोरीनं दाराकडं बघितलं. आठ वर्षांपूर्वी गेलेली आई… आणि ती दाराकडं बघत राहिली. दार बंद होतं. ती काय बघत होती कोण जाणे. तिचा रंग उडाला.

"साहेब," सुईभाऊ म्हणाला. "साहेब, दिवा…"

निवेदकानं दिवा बघितला. मग स्वतःचे हात बघितले. मग आत, लेकीकडं. गाणं अजून चालू होतं, पण आवाज चिरत चालला होता. आणि तेव्हा बापाला राहवलं नाही. बापच तो. धावला टेबलाकडं, वाकला, बटणावर बोट ठेवलं आणि जीव तोडून बोलायला लागला. "गा, बाळ! छान गातेयस! ऐकू नकोस काही, मी आहे इथं, गा तू, गा…"

वायर सुईभाऊच्या खिशात होती.

त्यातला एक शब्द आत गेला नाही.

तिला काय दिसलं? काचेपलीकडं बाप. बटणावर वाकलेला. ओठ हलतायत. आणि कानात…

"थांबू नकोस आता."

निवेदक ओरडत होता, गा, गा.

"थांबशील."

गा, बाळ.

"मला माहितीये."

ती थांबली.

दोन्ही सुया खाली पडल्या. एकदम. दिवा विझला.

एक. दोन. तीन… सुईभाऊचा हात फेडरवर होता आणि हलत नव्हता. या वेळी कुणी धरला नव्हता. तरी हलत नव्हता.

नऊ. दहा. अकरा.

मग माइकवर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, ती हळू म्हणाली, "बाबा… शपथ घेतली होतीत ना?"

तेव्हा कुठं सुईभाऊनं राखीव संगीत लावलं.

बाहेर आली तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर बापाला जवळ तरी घेता आलं असतं. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. निवेदक हात जोडून समोर. "मी बोललो नाही गं. देवाशपथ. तुझ्या आईची शपथ."

"आईचं नाव घेऊ नका. निदान आता तरी."

"अगं, मी नव्हतो तो!"

"तुमचा आवाज मी ओळखणार नाही? जन्मल्यापासून ऐकतेय, बाबा. आणि मी बघितलं तुम्हाला. बटणावर होतात तुम्ही."

निवेदकानं सुईभाऊचा दंड पकडला. गदगदा हलवला. "सांग हिला! तू शेजारी होतास, सुई. सांग ना रे, मी बोललो का?"

ती वळली. डोळे असे कोरडे. "काका, तुम्ही साक्षीदार आहात ना. सांगा. बाबा बोलले का माझ्याशी?"

आता बघा. खिशात वायर आहे. काढून तिच्या हातावर ठेवायची, एवढंच. 'बाळ, हे बघ, बटण मीच तोडलं होतं, त्यातून कुणाचाही आवाज जाणं शक्य नव्हतं.' एक वाक्य. एका वाक्यात बाप वाचत होता आणि लेकही वाचत होती. निवेदक डोळ्यांत जीव आणून बघत होता.

आणि सुईभाऊला ती बाई आठवली. रजिस्टरवर फिरणारं बोट आठवलं. त्याच्या आत काहीतरी, इतकी वर्षं दबून बसलेलं, उठून उभं राहिलं आणि म्हणालं, कळू दे. आता याला कळू दे, खरं सांगूनही कुणी ऐकत नाही तेव्हा कसं होतं ते. पहिल्या वेळी तो भीतीनं गप्प बसला होता. या वेळी भीती नव्हती. खोटं कशाला सांगू, या वेळी त्याला बरं वाटत होतं.

पोरीचा विचार त्या वेळी त्याच्या मनात आलाच नाही. तिचं त्यात काय चुकलं होतं?

त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. नऊ सत्तेचाळीस. सेकंद काटा सरकत होता.

तो गप्प राहिला.

तिनं मान हलवली, जणू उत्तर मिळालं. पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज खालच्या दारापर्यंत येत होता. निवेदक तिथंच फरशीवर बसला.

ती मावशीकडं राहायला गेली. कीबोर्ड विकून टाकला. पुन्हा गायली नाही. तो फोन करायचा, ती उचलायची, आणि त्यानं 'बाळ' म्हटलं की ठेवून द्यायची. मावशी सांगते, त्याचा आवाज ऐकला की ती लगेच दाराकडं बघते. दोन आठवड्यांनी निवेदकानं कार्यक्रम सोडला. एवढा आवाजाचा माणूस, आता घरी कुणाशी बोलत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन वस्तूकडं बोट दाखवतो, म्हणतात.

थांबा, संपली नाही. बटण कुणी काढलं ते राहिलं की.

त्या रात्री सगळे गेल्यावर सुईभाऊ एकटा इथं बसला होता. याच खुर्चीत. सव्वादहा झाले होते. नव्या गाद्यांचा हेडफोन आत फरशीवर पडला होता, तो आणायचं धाडस झालं नाही. त्यानं पट्टी उघडली आणि ते बटण मुळासकट काढून टाकलं. मग म्हटलं, रजिस्टर तरी भरू. रजिस्टर खणात, खणाला कुलूप, किल्ली त्याच्याच गळ्यात. संध्याकाळपासून खण उघडलाच नव्हता.

उघडलं. पान काढलं. लिहिलं, 'नऊ एकेचाळीस. अकरा सेकंद.' कारण… कारणापाशी पेन थांबलं. मग हातानं सवयीनं लिहून टाकलं, 'कलाकार स्वतःहून थांबल्या.' सही केली. वाळलं का बघायला पान जरा उजेडाकडं धरलं…

खाली अजून एक ओळ होती.

शाई ओली.

'नऊ सत्तेचाळीस. अकरा सेकंद.'

त्या वेळी हवेत संगीत चालू होतं. हवेत कुठं शांतताच नव्हती. पॅसेजमध्ये होती.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ध्वनिमुद्रक गप्प राहिला.'

अक्षर त्याचंच. वळण तेच, वेलांट्या त्याच. आणि खाली सही… तीही त्याचीच.

काय गं? काय विचारतेस? त्यानं पुढं त्या मुलीला सांगितलं का?

…

…

घड्याळाकडं बघू नकोस.

रजिस्टर त्याच खणात आहे अजून. किल्ली माझ्याच गळ्यात असते.